दुभाष्याची चूक

अकरा वर्षांपूर्वी न्यायाधीश म्हणाले,
या बाईला इथे उभं राहण्याचा अधिकार नाही.
कायद्याच्या भाषेत ते बरोबरच होतं.
मी ते कालाबारीत सांगितलं, शब्दाला शब्द,
आणि इबिनाबो
खाली बसली.

फरशीवरच. पाटी बाजूला सारून, पाय दुमडून,
ओहोटीला चिखलात खुबे वेचायला बसते तशी.
लोक हसले. कंपनीचे वकीलही हसले, वाईट हेतूनं नव्हे.
शिपायानं तिला दंडाला धरून उठवलं.
मी गप्प राहिलो. दुभाष्याला स्वतःचं वाक्य नसतं.

विचारलं होतं एवढंच:
खाडी तुमच्या नावावर आहे का?
ती म्हणाली, खाडीच्या वळणांना आमच्या घरची नावं आहेत,
ते कागदात येतं का?
इंग्रजीत जाताना हे लहान झालं.

तिच्याकडे बाटल्या होत्या. एकोणचाळीस.
खोकल्याच्या औषधाच्या, जिनच्या, माल्टच्या.
आत खाडीचं पाणी, वर बोटभर काळी साय,
गळ्याला दोरा, दोऱ्याला गाठी.
ही दागोगोच्या होडीनं पेट घेतला त्या रात्रीची.
ही सुनेचं दुसरं मूल गेलं त्या आठवड्यातली.
ही काहीच झालं नाही त्या दिवसाची, तीही ठेवली,
म्हणजे तुम्ही म्हणू नये की मी वाईटच दिवस वेचले.
तारीख कुठे आहे, वकिलांनी विचारलं.
मी गाठी मोजू लागलो, तर न्यायाधीश म्हणाले,
दुभाष्यानं फक्त बोललेलं सांगावं.

मग तेल कुणाचं ते सिद्ध करा, असं निघालं.
नळी जमिनीखाली, नकाशा त्यांच्या कपाटात,
किल्ली त्यांच्या खिशात, पुरावा मात्र आम्ही द्यायचा.
चोराच्या घरची झडती, चोराच्याच सवडीनं.
दावा निकाली निघाला. मी घरी जाऊन जेवलो.
मासा लांबच्या बंदरातला, बर्फातला.

आता कायदा बदललाय.
कसा, ते सांगत बसत नाही. त्यात दोन निवडणुका गेल्या,
आणि एन्कोयो नावाची एक चिवट वकील,
जी आमच्या धक्क्यावर बसून शब्द विचारायची.
तुमच्यात ‘नुकसान’ला काय म्हणतात?
काही नाही म्हणत. आमच्यात विचारतात,
आता खाणार काय?

माझ्या लक्षात दोनच कलमं राहिली.
ज्याच्या अंगाला ते पाणी लागतं, त्यानं यावं.
आणि ज्यानं जमिनीला भोक पाडलं,
त्यानं दाखवावं की तेल त्याचं नाही.

मंगळवारी पुकारा झाला.
इबिनाबो आली, गुडघे गेलेले, नातीच्या खांद्यावर हात.
वकिलांनी जुनीच हरकत घेतली, सवयीनं.
नव्या न्यायाधीशबाईंनी कलम वाचून दाखवलं,
आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, सांगा त्यांना.
तोच शब्द पुन्हा तोंडाशी आला. घोट गिळला.
म्हणालो, आजी, तू उभी राहू शकतेस.

बाईंनी खुर्ची मागवली. खुर्ची आली.
त्यांनी दोनदा सांगितलं, मीही सांगितलं.
ती बसली नाही.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत, पंख्याखाली,
एक हात बाटल्यांच्या खोक्यावर.

मग प्रश्न उलट्या दिशेनं निघाला:
कंपनीनं सांगावं, हे तेल कुणाचं?
तो इंग्रजीतून इंग्रजीतच गेला, माझं काम नव्हतं,
तरी मागच्या बाकांसाठी मी तो मोठ्यानं सांगितला.
कुणी मला अडवलं नाही.
वकिलांनी सहा आठवडे मागितले.

खाडी तशीच आहे.
पलीकडच्या वळणावर निवटी दिसली म्हणतात. मी नाही पाहिली.
संध्याकाळी इबिनाबोनं बाटली मला भरायला लावली,
तिला आता वाकता येत नाही.
एकशे बारावी.
दोऱ्याला गाठ मारताना तिनं विचारलं, ही कशाची म्हणू?
मी म्हणालो,
त्यांनी मुदत मागितली त्या दिवसाची.